माझ्या आकड्यात नसलेली बाई

माझ्या उपकेंद्राची लोकसंख्या किती, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्या आकड्यावरच सगळं ठरायचं. लसी किती यायच्या, लोहाच्या गोळ्या किती, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात लोहाची इंजेक्शनं किती ठेवायची. आकडा वर कुठंतरी ठरायचा आणि बिद्रीच्या रस्त्यावरच्या माझ्या दोन खोल्यांच्या उपकेंद्रात खोक्यांतून उतरायचा. पण दिवाळी सरली की गावाबाहेरच्या माळावर ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, पाचटाच्या खोप्या उभ्या राहायच्या आणि माझं गाव एकाएकी वाढायचं. खोकी मात्र तेवढीच.

मी आरोग्यसेविका. कळंब्याहून रोज एसटीनं जायची. वडील शाळेत मास्तर होते. सरकारी नोकरीत नियमानं वागलं की कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही, असं ते सांगायचे. मीही बरीच वर्षं तसंच धरून चालले.

तीन हंगामांमागची गोष्ट. आमची आशाताई सकाळीच उपकेंद्राच्या दारात उभी राहिली. ती गावातलीच, घरोघर फिरून बायकांची खबर ठेवणारी.

"बाई, माळावर एक पोरगी हाय. सातवा म्हैना सरत आलाय. त्वांड बगा की जरा तिचं, कागदावानी पांढरं झालंय."

आम्ही गेलो तेव्हा ती फडात मोळ्या बांधत होती. वय असेल एकोणीस-वीस. डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली तर आत लाल असं काही नव्हतंच. बांधावर बसवून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा.

"दम लागतो का गं?"

"मोळी उचलताना लागतो. समद्यांलाच लागतो की, ताई."

"कार्ड कुठाय तुझं?"

"गावाकडं राह्यलं. तिकडल्या नर्सबाईकडं."

तिची नोंद तिच्या जिल्ह्यात, तिच्या वाट्याचं औषधही तिकडं, आणि ती पोटातल्या बाळासकट माझ्यासमोर बांधावर.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. आमचे डॉक्टर तरुण होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी संगणकावर तिचं नाव शोधलं आणि मान हलवली.

"सिस्टर, ही आपल्या यादीत नाही. आपल्याकडं नाव घातलं तर पोर्टल दुहेरी नोंद म्हणून उडवून टाकतं."

"मग इंजेक्शन पोर्टलला द्यायचं का, सर?"

ते हसले. "साठा नोंदणीतल्या बायकांपुरताच आलाय. उद्या तपासणी लागली तर काय दाखवू? मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देतो, तिथं पाठवा."

त्यांच्या पाठीमागच्या कपाटात एका बाईच्या वाटची इंजेक्शनं पडून होती. ती बाई बाळंतपणाला माहेरी, सांगलीकडं गेली होती. मला ते माहीत होतं. मी तिथंच ठाण मांडून बसायला हवं होतं. भांडायला हवं होतं. मी चिठ्ठी घेतली आणि गप्प बाहेर आले.

चिठ्ठी घेऊन टोळीच्या मुकादमाकडं गेले. तो म्हणाला, "बाई, ती दवाखान्यात बसली की तिच्या नवऱ्याचंबी काम थांबतं. हंगाम सरू द्या, मग धाडतो."

हंगाम सरायला दोन महिने होते. मी गावातल्या बायकांच्या वाटणीतल्या गोळ्या वाचवून तिला देत राहिले. एवढ्या कमी रक्ताला गोळ्या पुरत नाहीत, हे न कळायला मी काही नवशिकी नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी फडातच तिला कळा सुरू झाल्या. मी पोचेपर्यंत बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला होता. रुग्णवाहिका आली, पण बाळंतपण वाटेतच, माझ्या हातावर झालं. बाळ एवढंसं. रडलं नाही. मी जे जे करायचं ते सगळं केलं. कोल्हापूरच्या वेशीपाशी पोचलो तेव्हा माझ्या ओंजळीत काही उरलं नव्हतं. ती मात्र वाचली, रक्ताच्या बाटल्या चढवल्यावर. शुद्धीवर आली तेव्हा तिनं विचारलं, "पोरगी व्हती का पोरगा?" मी म्हणाले, "पोरगी." ती भिंतीकडं वळली.

आठव्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस आली. 'आपल्या कार्यक्षेत्रातील अर्भकमृत्यूबाबत.' मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आईला औषध हवं होतं तेव्हा ती माझ्या आकड्यात नव्हती. बाळ मेलं आणि ते माझ्या आकड्यात आलं.

त्याच उन्हाळ्यात जिल्ह्याची बैठक लागली. नव्या आराखड्यासाठी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या सूचना घ्यायच्या होत्या, वरून मोठे अधिकारी येणार होते. आम्हां नर्सांना गणवेशात बोलावलं. दोघींना समईजवळ तबक धरून उभं केलं, दोघींना पाहुण्यांना गुच्छ द्यायला. त्यानंतर तीन तास पडद्यावर आलेख. आमच्यासाठी शेवटची दहा मिनिटं ठेवली होती, त्यातली निम्मी आभारात गेली.

मी उठले. त्या पोरीचं सगळं सांगितलं आणि म्हणाले, "सर, औषध नावावर पाठवू नका, पोटावर पाठवा. हंगामात माळावर किती गरोदर बायका आहेत ते आम्ही मोजून देतो. तेवढा साठा द्या, आणि तेवढ्या महिन्यांपुरती एक जादा नर्स द्या."

साहेबांनी लिहून घेतलं. "उत्तम. हेच आम्हाला हवं होतं, सिस्टर." टाळ्या पडल्या. मी त्या दिवशी घरी हरखून गेले होते, आता सांगायला लाज वाटते.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर परिपत्रक आलं. 'क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या सूचनेनुसार' अशी सुरुवात. आरोग्यसेविकांनी स्थलांतरित गरोदर मातांची दर आठवड्याला गणना करून पोर्टलवर भरावी. संपलं. माझ्या बोलण्यातला मोजणीचा तुकडा तेवढा त्यांनी उचलला होता. साठ्याचं अक्षर नाही, नर्सचं नाही. शेजारच्या उपकेंद्रातल्या मैत्रिणीचा फोन आला. "तुला कुणी सांगितलं होतं गं बोलायला? काम वाढवून ठेवलंस की आमचं."

मी तिला म्हटलं, "शिव्या नंतर दे. आधी तुझ्याकडच्या बायका मोज."

आम्ही मोजल्या. मग तालुक्यातल्या अकरा जणी मिळून तालुका अधिकाऱ्यांच्या खोलीत गेलो आणि यादी टेबलावर ठेवली.

"पोर्टलवर भरा की, इथं कशाला आणलं?"

"भरतो, सर. औषध आलं की त्याच दिवशी भरतो."

"कारवाई होईल तुमच्यावर."

"माझ्यावर झालीय," मी म्हणाले. "ह्या दहाजणींवर करा."

मागून एकजण म्हणाली, "करा की, सर. अकरा उपकेंद्रांत मग उद्या लस कोण टोचणार हाय?"

पंधरा दिवसांनी इंजेक्शनं आली. पुढं पेपरात फोटो आला, अधिकाऱ्यांचा, 'अभिनव उपक्रम' म्हणून. फोटोत एकही नर्स नव्हती.

साठा आल्यावर माळावर गेले तेव्हा त्या टोळीतल्या एका म्हातारीकडं मी त्या पोरीची चौकशी केली. ती म्हणाली, "ते दोघं औंदा कर्नाटकात गेलेत ऊस तोडाया. पुन्यांदा दिस गेलेत तिला." कुठल्या गावात, ते तिला ठाऊक नव्हतं. मुकादम दुसरा, फोन नाही.

जादा नर्स कधीच आली नाही. नोटिशीला मी दिलेलं उत्तर 'असमाधानकारक' ठरलं आणि तसा शेरा माझ्या सेवापुस्तकात बसला. तो काढावा म्हणून दोनदा अर्ज केले. यंदा मी निवृत्त झाले. माझ्या जागी कंत्राटी मुलगी आली आहे, तिच्याकडं दोन उपकेंद्रं दिली आहेत. परवा तिचा फोन आला होता. विचारत होती, "मॅडम, माळावरच्या बायका कुठल्या रकान्यात धरायच्या?"