पिशवीतला व्हर्निअर

खंडेनवमीला कबनूरच्या एका शाळेत बातमीसाठी गेलो होतो. तिथे नववीपासून कौशल्य विषय सुरू झाला होता. नवी कार्यशाळा दाखवायला मला बोलावलं होतं. टेबलावर हत्यारं मांडून त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिली होती. फोटोत कुणीतरी काम करताना दिसावं, म्हणून दहावीच्या एका मुलीच्या हातात मी व्हर्निअर द्यायला लावला. लोखंडी भागांचं अचूक माप घ्यायचं ते साधन. बातमी चार कॉलम लागली. ‘यंत्रमागाच्या गावातले उद्याचे तंत्रज्ञ’ हा मथळा माझाच.

मुलीची बारावीची परीक्षा झाल्यावर तिच्या वडिलांचा फोन आला. ते मागावर कामाला होते. मायलेकी घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरत. कागलकडच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायला शिकाऊ मुली घेणार होते. हे काम मिळालं नाही तर आलेल्या स्थळाला होकार द्यायचा, असं घरात ठरलं होतं. मुलीने तेवढीच सवलत मागून घेतली होती.

“तुम्हीच छापलंय न्हवं सायेब? संगं चला की.”

गेलो.

सुपरवायझरने तिचं जर्नल चाळलं. व्हर्निअरची आकृती नेटकी होती. भागांची नावं, चौकटीत सूत्र, खाली शिक्षकांची सही. प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी गुण. त्याने एक लोखंडी कडं आणि व्हर्निअर तिच्यापुढे ठेवला.

“आतलं माप सांग, पोरी.”

तिने सूत्र म्हणून दाखवलं.

“सूत्र ऱ्हाऊ दे. माप सांग.”

ती मोठे जबडे कड्यात घालू लागली. ते जाईनात. आतल्या मापाचे लहान जबडे दुसऱ्या बाजूला असतात. जर्नलात तिने त्यांना बाण काढून नाव दिलं होतं.

वडिलांनी खिशातून कात्रण काढलं. “पावणं, ह्यो पेपर बघा. हातात धरलाय की तिनं.”

सुपरवायझरने कात्रण उजेडात धरलं. “धरलाय व्हय. पर पिशवीतनं काढलाय कुठं?”

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. “फोटो काढायला शिकीवलंय, माप काढायला न्हाय.”

मी पाहिलं. व्हर्निअर प्लास्टिकच्या पिशवीत होता. पिशवीच्या तोंडाला पिना मारलेल्या. फोटो मीच काढला होता आणि माझ्या नजरेत ते आलं नव्हतं.

कागलच्या स्टँडवर मुलगी म्हणाली, “त्यो सरकतोय कसा, त्येच म्हाईत नव्हतं मला.”

वडील एसटीची पाटी वाचत राहिले.

पुढच्या आठवड्यात शाळेत गेलो. शिक्षकांनी कुलूप काढून कपाट दाखवलं. पिशवी तशीच होती, वर कुंकवाचा डाग.

“डेडस्टॉकच्या वहीत नोंद आहे साहेब. वर्गात साठ पोरं आणि हा एक. पडला, वाकला, तर तपासणीत उत्तर कोण देणार?”

“मग प्रॅक्टिकल?”

“फळ्यावर आकृती काढून देतो की.”

मुलीचं लग्न मे महिन्यात झालं. पत्रिका आली होती. मी गेलो नाही.

दुरुस्ती छापावी म्हणून मी ती बातमी पुन्हा वाचली. एकही वाक्य खोटं नव्हतं. साधनं आली होती, मुलीच्या हातात दिली होती. शाळेच्या फाटकाशी, प्रवेशाच्या फलकावर ते कात्रण अजून लावलेलं आहे.