पाचव्या जोडीची सळई

सकाळी धुकं इतकं दाट होतं, की आक्काला हातातल्या टेपवरचे आकडे डोळ्यांशी धरून वाचावे लागत होते. पाऊस थांबला होता, पण खाणीखालचा उतार अजून पाझरत होता. बारा वर्षं ती या उतारावरच्या भेगा मोजत आली होती. भेगेच्या वर एक लोखंडी सळई, खाली एक. दोन्हींमधलं अंतर रोज मोजायचं, वहीत लिहायचं, सही ठोकायची. अंतर वाढलं म्हणजे डोंगर सरकतोय. मग खाण बंद, खालची बावीस घरं रिकामी.

पाचव्या जोडीचा आकडा तीन दिवस जागचा हलला नव्हता. त्याच भरवशावर, पावसाच्या भीतीने शाळेत राहायला गेलेल्या बायकांना तिनेच काल परत बोलावलं होतं. "निजला गं डोंगर. चला, चुली पेटवा."

आजही तोच आकडा. उठताना तिची टाच मात्र भसकन आत गेली. तिने माती उकरली. खालच्या सळईच्या खाली ओळीने तीन भोकं, ओल्या चिखलाने बुजवलेली. पहिल्या दोन भोकांत दोन बोटांचं अंतर, पुढे चार, आणि शेवटच्यापासून सळईपर्यंत चांगलं वीतभर. डोंगर निजला नव्हता, पळत सुटला होता. आणि कुणीतरी रोज पहाटे सळई उपटून, आकडा तोच यावा म्हणून वर रोवत होतं.

सळया ठोकायचा घण एकाकडेच असे. मुकादमाकडे. तिच्या धाकट्या भावाकडे, कडेवर घेऊन वाढवलेल्या.

तो शेडमध्ये चहा पीत होता.

"भोकं बुजवलीस, पण दाबली नाहीस. लहानपणापासून तुझं काम अर्धवटच."

त्याने कप खाली ठेवला. "आक्के, आठवड्याचा तर प्रश्न होता. वरचा थर निघाला की मीच काम थांबवणार होतो. साहेब मानगुटीवर बसलेत."

"मला सांगायचंस."

"तू ऐकलं असतंस?"

"आणि मधेच डोंगर आला असता तर?"

त्याने कप पुन्हा उचलला. मग हळूच म्हणाला, "वहीत सही तुझी आहे."

घाबरून केलं असतं, तर चार शिव्या हासडून तिने पोटात घातलं असतं. पण याने आधीच सगळा विचार करून ठेवला होता.

ती तडक खाली उतरली. पहिलंच दार शिंपिणीचं.

"काल या म्हणालीस, आज जा! तुझ्या जिभेला काही हाड?"

"माझ्या भावाने सळई हलवली आणि मी डोळे झाकून मोजली. मशीन राहू दे, पोरं उचल."

हेच वाक्य तिने बावीस दारांत म्हटलं. तिसऱ्या दारात आवाज फाटला. पुढे पुढे सवय झाली. दुपारपर्यंत वस्ती रिकामी झाली. शिंपीण दहा-बारा जणींना घेऊन खाणीच्या फाटकात जाऊन बसली, तेव्हा कुठे भोंगा झाला आणि यंत्रं थांबली.

आक्काने वहीतले तीन आकडे खोडले, शेजारी भोकांवरून काढलेले खरे लिहिले, खाली पुन्हा सही केली. चार जोड्या मोजायच्या राहिल्या होत्या. पलीकडच्या खडकाळ कडेने ती वर चढली आणि सहाव्या जोडीला टेप लावली.