आतोबांचं तबक

माझ्या आत्याच्या यजमानांइतका गोलाचा वेडा माणूस सातारा-सांगलीकडे दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन ते कुंडलला आले ते एक जुनं लेथ मशीन घेऊनच, आणि ते त्यांनी गोठ्यात म्हशीशेजारी बसवलं. म्हशीला त्या घरघरीची इतकी सवय झाली की वीज गेली की ती दूध द्यायला कां-कूं करते, असं आत्या सांगायची. त्या लेथवर आतोबा लाकडाची शोभेची तबकं करत, कडेला लाखेचे तांबडे-पिवळे पट्टे असलेली. पण तबक फिरायला लागलं की त्यांना ते कुठेतरी केसभर वाकडं दिसे. मग जरा तासायचं, बघायचं, पुन्हा तासायचं. सकाळी परातीएवढं असलेलं तबक संध्याकाळी बशीएवढं होई आणि आत्या ते लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवून देई.

दुसऱ्यांच्या वस्तूंचीही सुटका नव्हती. ताटात भाकरी पडली की आधी ती फिरवून बघत, मग मोडत. महाबळेश्वरला सगळे पॉइंट बघून आम्ही परतलो, तरी हे लाकडी वस्तूंच्या दुकानात मालकाला त्याच्याच वाडग्यांचे दोष समजावत उभे! घरोघरी नुकते केबल टीव्ही आले होते तेव्हाची गोष्ट, माझ्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "डोकं मधोमध हाय. उरका लगीन."

त्यांचा खरा जीव मात्र अडकला होता आत्याच्या काटवटीत. काटवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. आत्याची शिसवीची होती, माहेरून आलेली.

"असलं मुरल्यालं लाकूड, आन् त्यात पीठ मळती! लय पाप हाय," आतोबा हळहळायचे.

"मी मेल्याव घ्या," आत्या म्हणायची आणि भाकरी थापायला लागायची.

माझ्या रुखवतात मधोमध आतोबांच्या हातचं तबक असेल, असं आत्याने माझ्या होणाऱ्या सासूबाईंना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. लग्नाच्या तोंडावर मी केळवणाला कुंडलला गेले, तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. आंब्याचं लाकूड ओलं निघालं होतं आणि तयार तबक आरपार तडकलं होतं. दुसरं वाळलेलं लाकूड घरात नव्हतं. आतोबा डोक्याला हात लावून बसले होते. आत्याने काटवट स्वच्छ धुतली, पदराने पुसली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"घ्या. माज्या शब्दाची लाज ऱ्हाऊ द्या."

आतोबांना खरं तर नाचायलाच हवं होतं. त्यांनी गुपचूप काटवट लेथवर चढवली. बाहेरची बाजू झकास तासली गेली, कडेला लाखेचा पट्टाही लागला. आतल्या बाजूला पटाशी लावायची, तर आतला खळगा फिरताना नुसता डुलत होता. त्यांनी मशीन थांबवून आत हात फिरवला.

"हे बघ पोरी, ह्या अंगाला खोल हाय. हिच्या तळहातानं झिजलंय. रोज हिकडंच रेटत आली."

"मग करा की सारकं," आत्या म्हणाली.

"सारकं करायचं म्हंजे हे समदं काढाय लागंल."

त्यांनी पटाशी खाली ठेवली. म्हणाले, "न्हाई. ऱ्हाऊ दे." आतून त्यांनी नुसतं तेल चोळलं आणि काम संपल्याचं जाहीर केलं. तासता तासता काम अर्ध्यावर सोडताना मी त्यांना त्या एकदाच पाहिलं.

कोरेगावात लग्नाच्या दिवशी माझ्या चुलत सासऱ्यांनी रुखवतातलं ते तबक उचललं. चौकस माणूस. "बाहेरून फार सुरेख आहे," ते म्हणाले, "पण आतून वाकडं झालंय, नाही?" एवढ्याशा बोलण्यावर आतोबांनी भल्याभल्यांशी अबोला धरला होता. आतोबांनी आत्याकडे पाहिलं आणि चक्क हात जोडले.

"व्हय. हात चुकला माजा."

इतकं मोठं खोटं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, आणि इतकं गोडही. आता ते दोघंही नाहीत. तबक माझ्याकडे आहे. त्यात मी काही ठेवत नाही. कधी फार आठवण आली तर आत तळहात टेकवते, आणि तो आपोआप एका अंगाला सरकतो.