शेजाऱ्याची माती

दौलतराव आण्णांची आणि माझी पहिली भेट इस्लामपूरच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत झाली. मी नुकताच रुजू झालो होतो. कुंडलच्या ऊसवाल्याचा मुलगा, त्यामुळे अंगात थोडी मस्तीही होती. आण्णा शेती हा विषय शिकवत. त्यांनी विचारले, "रान किती?" मी ऐटीत म्हणालो, "चार एकर. सगळा ऊस." यावर माणूस निदान "वा!" तरी म्हणतो. आण्णांनी विचारले, "खोल किती?"

आता खोली विहिरीची विचारतात, रानाची कोण विचारतो? आण्णा हसले. हाताची वीत पसरून म्हणाले, "आमच्या डोंगरात माती एवढीच. खाली खडक. म्हणून आमी आदी हेच इचारतो." मग त्यांनी डब्यातली नाचणीची अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. आमच्या घरी त्या भाकरीला कोणी हात लावला नसता. मी खाल्ली, आणि तेव्हापासून आण्णांचाच झालो.

मुलांना ते फळ्यापुढे फार वेळ बसवत नसत. नदीकाठच्या रानांत घेऊन जात. एकदा सारी पलटण आमच्याच रानात आली. पाणी पाजून पाजून आमच्या एका कोपऱ्यावर मिठासारखा पांढरा थर आला होता, उसाची उगवण खुंटली होती. माझे वडील बांधावर उभे होते. आण्णा त्यांना सरळ म्हणाले, "दादा, रानाला पाणी पाजायचं असतंय, रान बुडवायचं नसतंय. तुमची माती बसून मरतीया, आमची पळून." वडिलांना असा राग आला की मुलांसाठी ठेवलेला गूळही त्यांनी आत नेला. पुढे मात्र त्यांनी रानात चर काढले, पाणी कमी केले, आणि कोपरा हळूहळू वळणावर आला. आण्णांचे नाव मात्र त्यांनी शेवटपर्यंत "तो डोंगरातला" असेच घेतले. कौतुकाने घेत असत, एवढे सांगतो.

निवृत्तीनंतर आण्णा इस्लामपुरात राहतील असे सगळ्यांनी धरले होते. पण ते पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन शिराळ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटातल्या आपल्या वाडीवर गेले. "म्हातारपणी दवाखाना जवळ हवा," असे आम्ही पुष्कळ समजावले. ऐकतील तर ते आण्णा कसले!

ती वाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. तिथली शेती जिन्यासारखी आहे. उतारावर दगड रचून ताल घालायची, तालीमागे साठलेल्या मातीत भात नाहीतर नाचणी करायची; त्याच्या खाली दुसऱ्याची ताल, त्याखाली तिसऱ्याची. वरची ताल फुटली की वरची माती जाते आणि खालचे भात दगडांखाली गाडले जाते. त्यामुळे एकट्याने नीट शेती करून तिथे भागत नाही. पूर्वी ताल ढासळली की घरटी एक माणूस यायचा. मजुरी नाही; आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. यालाच पैरा म्हणतात. आता घरांना कुलपे आहेत. माणसे मुंबई-ठाण्याला गेली, काही पुण्याला. वाडीत चूल पेटते ती आण्णांची आणि खालच्या अंगाला दोन म्हाताऱ्यांची. बाकी सगळी रानं पडीक, म्हणून गवेही उतरतात ते यांच्याच भातात.

आण्णांच्या वरचा टप्पा सर्जेरावांचा. दोघे एका पाटीवर शिकलेले मित्र. सर्जेराव मुलांकडे ठाण्याला जायला निघाले तेव्हा त्यांनी आठवडाभर खपून आपली ताल हातभर उंच केली आणि जास्तीचे पाणी जाण्यासाठी ठेवलेला सांडवा दगडांनी बुजवून टाकला. मागे बघायला कोणी नाही, तेव्हा माती तरी जागेवर राहावी, हा त्यांचा विचार. मायेने केलेली चूक! डोंगरातल्या पावसाला वाट दिली नाही तर तो ती काढतो, हे सर्जेरावांना का माहीत नव्हते? पण घर सोडताना माणसाचे डोके जागेवर नसते. वाडीतल्या आणखी कितीजणांनी जाताना हेच केले होते. घराला कुलूप आणि रानालाही कुलूप.

तेव्हापासून आण्णांनी एक काम अंगावर घेतले. पावसाळ्यात इरलं घेऊन ते परगावी गेलेल्यांची रानं फिरतात आणि बुजलेले सांडवे मोकळे करतात. जत्रेला सर्जेराव आले, त्यांनी उघडा सांडवा पाहिला आणि भर देवळात ओरडले, "दौलत्या, माझी ताल फोडलीस व्हय रं? माती वडून घ्यायचीय काय तुला?" आण्णांना ते लागले. फार लागले. तरी ते एवढेच म्हणाले, "तुझं रान हाय गड्या. तुझ्या हातानं लाव." सर्जेरावांनी दगड पुन्हा बसवले आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. आण्णांनी त्या सांडव्याला नंतर हात लावला नाही.

त्या आषाढात ताल फुटली. आण्णांचे लावलेले भात दगडमातीखाली गेले. मी भेटायला गेलो तेव्हा पाऊस उघडला होता आणि आण्णा घमेल्यात माती भरून वर नेत होते. सर्जेरावांच्या रानात! मी म्हणालो, "आवं आण्णा, आयती माती आलीया, ठेवा की!" त्यांनी घमेले खाली ठेवले. म्हणाले, "शेजाऱ्याची कोंबडी आपल्या परड्यात आली म्हंजे आपली व्हती व्हय?" मीही मग घमेले उचलले. दुपारपर्यंत माझी कंबर धरली. आण्णा दिवाळी उलटून जाईपर्यंत रोज थोडी थोडी माती वर नेत होते, आणि पडलेली ताल एकट्याने रचत होते, सांडवा सर्जेरावांनी बुजवला होता तसाच ठेवून. पैऱ्याला बोलवायचे तरी कोणाला?

पुढच्या जत्रेला सर्जेराव आले ते भांडायच्याच तयारीने. रान पाहिले आणि तालीवर बसून राहिले. आण्णा शेजारी जाऊन बसले. मी थोडा अलीकडे उभा होतो. शेवटी सर्जेराव उठले, सांडव्यातले दगड त्यांनी स्वतः काढले आणि म्हणाले, "पोरास्नी इचारून येतो, दौलत्या. येतोच." ते अजून आलेले नाहीत.

आण्णांच्या पंचाहत्तरीचा हा ग्रंथ काढणाऱ्या गौरव समितीने बजावले आहे की लेख आनंदाचा हवा. मी प्रयत्न केला. पण दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, आणि आता आण्णांचा रोज संध्याकाळी मला फोन येतो. "काय न्हाई. सहज. तिकडं पाऊस हाय का?" फेब्रुवारीतसुद्धा हेच विचारतात. मी आहे म्हणतो की नाही म्हणतो, याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते. मुलगी साताऱ्याला बोलावते. चार दिवस जातात, आभाळ भरून आले की परततात. खाली त्या दोन म्हाताऱ्यांचे भात आहे ना! त्यांना सर, आण्णा, गुरुजी म्हणणारे आम्ही शेकड्यांनी आहोत. दौलत्या म्हणणारा एकच उरला आहे, आणि तो ठाण्याला आहे.

आज आण्णांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. अशा वेळी शंभर वर्षे जगा म्हणायची रीत आहे. माझी जीभ रेटत नाही. त्या डोंगरावर एकट्याने आणखी पंचवीस पावसाळे काढा, असे कोणत्या तोंडाने म्हणू? आण्णा, आपणास उत्तम आरोग्य लाभो, गुडघे साथ देवोत, उदंड आयुष्य लाभो. पण त्याआधी शेजार लाभो. सर्जेराव, हा ग्रंथ तुमच्याही घरी येणार आहे. मुलांना विचारून झाले असेल तर यंदा भात लावायला या.