फोन न ठेवणारे थांबे साहेब

थांबे साहेब फोन ठेवत नसत. बोलणं संपलं, समोरचा 'बरं, येतो' म्हणाला, तरी हे आपले कानाला लावून बसलेले. पलीकडच्याने कापला की मगच फोन खिशात. "आपण आधी ठेवला तर तोंडावर दार आपटल्यासारखं होतं," म्हणायचे. घरातलं म्हातारं माणूस असं वागलं तर आपण कौतुक करतो. पण हे आमच्या ऑफिसातले सगळ्यात वरचे प्रोग्रॅमर होते, आणि दुसऱ्या मशीनशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे आमच्या सगळ्या प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड, त्यांनी लिहिली होती. तिच्यातही त्यांनी कधी फोन ठेवला नाही. माझा राग तिथला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

आडनाव त्यांचं वेगळंच होतं. 'थांबे' हे आम्ही पाठीमागे ठेवलेलं. राहायला रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत. रोज गाडीने पेणला येत. आमचं ऑफिस म्हणजे स्टेशनजवळ हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी त्यांच्या हाताखाली शिकणारी; काही विचारायला गेलं की आधी बोट वर, "थांब गो." मग डब्यातली भाजी संपणार, बोटं पुसली जाणार, चष्मा पुसला जाणार. तोवर मी काय विचारायला आले होते तेच विसरून गेलेली असायची.

काम मात्र आमचं थांबण्यातलं नव्हतं. धरमतरच्या खाडीला लागून आमची भाताची जमीन. खारं पाणी अडवायला मातीचा बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात उघाडी, म्हणजे फळ्यांचं दार. पावसाळाभर फळ्या वर काढलेल्या असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला कोणीतरी बांधावर बसून पाणी बघायचं आणि वेळेत फळ्या टाकायच्या. त्यासाठी घराघराची पाळी असायची. आम्ही प्रत्येक उघाडीवर पाण्याची उंची सांगणारा डबा बसवला. ऑफिसातला सर्व्हर एकेका डब्याला ओळीने विचारायचा, पाणी किती आलं? चढायला लागलं की त्या गावातले फोन वाजायचे. माझ्या बाबांचं शेत ओळीतल्या चौथ्या उघाडीमागे. फोन येतोय म्हटल्यावर गावाने पाळ्या बंद केल्या. उन्हापावसात बांधावर कोण बसतो?

आता डब्याला विचारताना दोन ठिकाणी थांबावं लागतं. आधी कनेक्शन लागेपर्यंत, मग ते लागल्यावर उत्तर येईपर्यंत. दोन्हीकडे मुदत घालायची असते. एवढ्या वेळात काही आलं नाही तर कनेक्शन तोडायचं आणि पुढच्या डब्याकडे जायचं. कॉलेजातलं पोरही हे करतं. पहिल्या ठिकाणची मुदत मी भांडून भांडून घालून घेतली. दुसरीला साहेब तयारच होईनात. "दार उघडलंन ना त्यानं? मग माणूस घरात हाय. बोलेल." मी म्हटलं, साहेब, तो माणूस नाय, डबा हाय. तर म्हणाले, "दहा सेकंदांत तोडायचं? तेवढ्यात माझी आई पदरसुद्धा सारखा करत नाय." सगळे हसले. मुदतीची मी घातलेली ओळ त्यांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकली. मी परत घातली, त्यांनी परत काढली. लायब्ररी त्यांची, शेवटचा शब्द त्यांचा. मी हात टेकले.

डबे विकणाऱ्या माणसाने एकदा त्यांना जिते स्टेशनवर भेटायला बोलावलं. साहेब दुपारी जाऊन बाकावर बसले. तो आलाच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत हे संध्याकाळपर्यंत तिथेच. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, त्याला फोन नाय केलात? "येतो म्हणालावता. फोन करून त्याला खोटा कशाला पाडायचा?" ऑफिसातल्या बाकीच्यांना हे ऐकून भरून आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याला चांगुलपणा म्हणतात? स्वतःचा दिवस जाळायची हौस असेल तर जाळावा, पण ह्याच माणसाच्या भरवशावर आमच्या उघाड्या होत्या.

शिकवायला मात्र चांगले होते, हे मला दातओठ खात लिहावं लागतंय. माझी चूक सापडेपर्यंत शेजारी बसून राहत. कधी ओरडले नाहीत, कधी घड्याळाकडे पाहिलं नाही. आज मी जे काही पोटापुरतं लिहिते, ते त्यांच्याच त्या असह्य सावकाशीतून आलेलं आहे.

आणि मग सर्वपित्री अमावास्या आली. वर्षातलं मोठं उधाण, तेही ऐन दुपारचं. भात निसवलेलं, लोंब्या बाहेर पडलेल्या. गावात घरोघर पान वाढून ठेवलेलं आणि माणसं कावळ्याची वाट बघत दारात. उधाण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण फोन वाजला की जाऊ, असं प्रत्येकजण धरून बसलेला. दुसऱ्या उघाडीवरच्या डब्यात चिखल गेला होता. सर्व्हरने हाक मारली, डब्याने कनेक्शन घेतलं आणि पुढे काहीच बोलला नाही. आमचा प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत तिथेच बसला. तिसऱ्याला विचारलं नाही, चौथ्याला विचारलं नाही.

मला कळलं ते बाबांच्या फोनवरून. बाबा कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. "गो, पाणी आत आलं. तुझा फोन नाय आला." मागे आई कोणाला तरी फळ्या टाका, फळ्या टाका म्हणून सांगत होती. मी स्क्रीन बघितली. दुसऱ्या डब्यापुढे 'वाट पाहत आहे' एवढंच. साहेब माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले होते. "दार तर उघडलंन त्यानं," म्हणाले, अगदी हळू. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. खारं पाणी एकदा शिरलं की जमीन पुढची दोन-तीन वर्षं भात देत नाही. आमच्याकडे पोरासोरांना हे माहीत असतं. साहेबांनाही माहीत होतं.

त्यांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. खुर्चीला अडकवलेली छत्री घेतली, सगळ्यांना "येतो" म्हणाले, माझ्यापुढे जरा उभे राहिले. मी मान वर केली नाही. मग मी शक्य तितक्या भराभरा सगळीकडे मुदती घातल्या. उत्तराला पाच सेकंद, त्यावर एक क्षणही नाही. गावाने पाळ्या परत सुरू केल्या. आमच्या डब्यांवर आता कोणी विसंबत नाही, आणि मला गावाला दोष देता येत नाही.

पुढच्या आवणीच्या दिवसांत त्यांचा फोन आला. बाकी गावात लावणी चालू होती, आमची खाचरं रिकामी. इकडचं तिकडचं काही नाही, थेट म्हणाले, "बाबांचं शेत कसं हाय?"

मी चालू फोन तसाच ओट्यावर ठेवला. चहा टाकला, गाळला, बसून प्याले, कप विसळला, ओटा पुसला. मग फोन उचलून कानाला लावला. पलीकडे अष्टमीच्या पुलावरून गाड्या जात होत्या आणि साहेबांचा श्वास ऐकू येत होता.

"उन्हाळ्यात मीठ फुटलं साहेब. पांढरं पडलं सगळं."

"व्हय," ते म्हणाले.

ते ठेवणार नव्हते. मी ठेवला.