फेलिम मामाची चाल, दुप्पट वेगात

कल्पना करा, तुमच्या मांडीवर बटनांचा अकॉर्डियन आहे. डाव्या हाताने भाता हलवायचा, उजव्या हाताची बोटं बटनांवर पळवायची. भाता ओढला की बटनातून एक सूर येतो, दाबला की त्याच बटनातून दुसरा. आता मागे ट्रेव्हर ड्रम बडवायला लागतो, शेजारी फिंटन गिटार ओरबाडत गातो, आणि समोरची पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बिअर उडवतात. भाता आत चाललाय की बाहेर, हे विसरायला एक धक्का पुरतो. विसरलात की सूर गेलाच.

डिंपना गॅरटीने हे काम बारा वर्षं केलं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत, जिथे आमच्या गल्लीतले निम्मे बाप आयर्लंडच्या मेयोहून मोटारीच्या कारखान्यांत कामाला आलेले होते आणि आम्ही पोरं इथेच जन्मलेली.

बँडचं नाव ‘राँग फ्युनरल’. त्याला कारण फिंटन. मयताला जाणं आमच्याकडे कोणी चुकवत नाही. एका आठवड्यात पॅट मॉरन नावाचे दोन म्हातारे गेले, आणि फिंटन भलत्याच पॅटच्या घरी पोचला. ओळीने सगळ्या नातेवाइकांचे हात हातात घेतले, हॅम सँडविच हाणले, मयताच्या आवडीचं म्हणून एक गाणंही म्हटलं. मग त्याचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं.

“मग काय केलंस?” डिंपनाने विचारलं होतं.

“काय करणार? गाणं आवडलं त्यांना. आणखी एक म्हणायला लावलं.”

बापांच्या जुन्या चाली घ्यायच्या आणि पंक रॉकच्या वेगाने वाजवायच्या, एवढंच त्यांचं तंत्र. पण आपल्या घरातली चाल रेडिओवरच्या गाण्यासारखी दणदणताना ऐकली की आमच्या अंगावर काटा यायचा. शाळेत ज्या आडनावावरून चिडवायचे, तेच आडनाव आम्ही जाकिटांवर रंगवायला लागलो.

डिंपनाला अकॉर्डियन शिकवला तिच्या मामाने. फेलिम मामाने उभी हयात रस्त्यांत केबलचे चर खणण्यात घालवली. रविवारी चर्चहून आल्यावर चुलीवर बेकन आणि कोबी शिजेपर्यंत शिकवणी चाले. कागद नाही, नोटेशन नाही. मामा वाजवणार, तिने ऐकून उचलायचं. एक चाल मात्र तो शिकवायचा नाही, नुसती वाजवायचा. तो इंग्लंडला निघाला त्या सकाळी त्याची आई दारात उभी राहून ती गुणगुणली होती. तिला शब्द नव्हते, नाव नव्हतं. पुन्हा आईची भेट झालीच नाही.

“ही नाचायची नाही,” मामा म्हणायचा. “ही संथच.”

डिंपनाने ती न शिकवता उचलली.

बँडची पहिली रेकॉर्ड निघायची होती आणि एक गाणं कमी पडत होतं. तालमीत चहाची सुट्टी झाली तेव्हा डिंपना आपल्याच नादात मामाची चाल वाजवत बसली. ट्रेव्हरने कप खाली ठेवला आणि त्या चालीला दुप्पट वेगाचा ठेका लावला. फिंटन ताडकन उठला.

“हेच! हेच पाहिजे!”

“मामाचं आहे ते.”

“मग मामाला विचार.”

“नाही म्हणेल.”

“मग विचारू नकोस.”

“ऐका याचं,” ट्रेव्हर म्हणाला. “मयतातसुद्धा न विचारता जेवून आलाय हा.”

डिंपनाने ठरवलं, मामा ऐकेल आणि हो म्हणेल, तरच रेकॉर्डवर. नाहीतर नाही.

“मामा, सेंट पॅट्रिकच्या सणाला आपल्या आयरिश क्लबात ये. तुझी चाल वाजवणार आहोत. जरा भरभर.”

“किती भरभर?”

“बरीच.”

“म्हणजे धक्क्यावरून बोट सुटतेय अशी?”

“तू ये तर!”

“येतो. कान घरी ठेवून येतो.”

मामा आला. चर्चला जायचा कोट घालून, काळ्या स्टाउट बिअरचा ग्लास घेऊन कडेच्या टेबलाशी बसला. पहिलं आवर्तन डिंपनाने एकटीने, संथ वाजवलं. मग ट्रेव्हर घुसला आणि अख्खा हॉल उसळला. तिने मामाकडे पाहिलं. त्याने खुर्ची हळूच फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. चाल संपेपर्यंत तिला फक्त त्याची पाठ दिसत होती.

मामाच्या गावी, समुद्रकाठच्या त्या चार घरांत, जुनी माणसं काळजातलं गाणं आलं की भिंतीकडे वळतात, चेहरा कोणाला दिसू नये म्हणून. आणि ज्याचं तोंड पाहायचं नाही, त्याच्याकडेही तशीच पाठ करतात.

वाजवून झाल्यावर ती घामेजलेली तशीच त्याच्याकडे गेली.

“मामा, कशी वाटली?”

“पट्टा सैल आहे तुझा. खांदा धरेल.”

“रेकॉर्डवर घालू? तू नको म्हणालास तर नाही घालणार.”

मामाने ग्लास संपवला. “आई कुठे आहे आता ऐकायला.”

“असती तर काय म्हणाली असती?”

“म्हणाली असती, त्या ड्रमवाल्या पोराला जेवायला घाल. हाडं मोजता येतात त्याची.”

टोपी घालून तो निघून गेला. दुसऱ्यांदा विचारायची आमच्यात पद्धत नाही. पुढच्या रविवारी ट्रेव्हर जेवायला गेला. मामाने त्याच्या ताटात बटाट्यांचा डोंगर रचला आणि सगळा वेळ फुटबॉलवर बोलला. डिंपनाने त्यालाच हो समजायचं ठरवलं.

रेकॉर्ड निघाली. ती चाल जर्मनीत वाजली, बॉस्टनमध्ये वाजली. तिथे म्हातारे येऊन डिंपनाचा हात धरून रडायचे. ओल्या कोटांचा वास मारणारी ती व्हॅन, मांडीवर झोपलेला अकॉर्डियन, पहाटे पेट्रोल पंपावरचा कडू चहा, हे सगळं तिला आजही स्वप्नात दिसतं. मग फिंटनचा गळा गेला. ट्रेव्हर बस चालवायला लागला. मामा मेयोला परतला आणि तिथेच गेला. त्या चालीबद्दल तो पुन्हा चकार शब्द बोलला नाही.

आता दर शनिवारी डिंपना त्याच क्लबात मुलांना शिकवते. मुलं तीच चाल मागतात, भरभरवाली. ती कधी संथ होती, हे त्यांना ठाऊकच नाही. मुलं वाजवायला लागली की तिची नजर कडेच्या टेबलाकडे जाते. त्या दिवशी भिंतीकडे वळलेल्या त्या चेहऱ्यावर काय होतं?