समुद्राची ओटी भरणाऱ्या हौसाबाई

माझ्या सासूबाईंच्या दोन सोन्याच्या पाटल्या आज अंदमानच्या समुद्राच्या तळाशी आहेत. त्या चोरीला गेल्या नाहीत, हरवल्या नाहीत. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतलेल्या एका बाईच्या हुशारीने त्या तिथे पोचल्या. ती बाई म्हणजे मी. नातवंडं म्हणतात, "आजी, तेव्हा तू म्हातारी होतीस ना?" कसली म्हातारी! अठ्ठावन्न वर्षांची होते, नुकती निवृत्त झाले होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती. माणूस सगळ्यात मूर्ख असतो तो याच वयात.

पण मला सांगायचंय ते हौसाबाईंबद्दल. हौसाबाई माझ्या सुनेची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांचं गाव उजनी धरणाच्या काठचं. जुनं गाव पाण्याखाली गेलं, नवं काठावर वसलं आणि त्यांच्या शेताचा एक तुकडा पाण्यापलीकडच्या उंचवट्यावर राहून गेला. त्यामुळे लोक सायकलवर बसतात तितक्या सहज त्या होडीत बसायच्या. मात्र होडीत पाय ठेवण्याआधी वाकून पाण्यात बोटं बुडवायच्या, ती डोळ्यांना लावायच्या आणि विचारायच्या, "बसू का गं बाई?" क्षणभर थांबायच्या. पाणी काय उत्तर द्यायचं ते त्यांनाच ठाऊक, पण मान हलवून मगच बसायच्या. आमच्याकडे सोलापुरात आल्या की नळालाही हात जोडायच्या. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळे तेवढ्या एका भक्तीत मीही सामील असे.

मुलीकडच्या विहिणीने जरा दबून असावं, अशी माझी त्या काळी अपेक्षा होती. माझ्या मुलाच्या, मंदारच्या लग्नात मी मानाच्या खुर्चीवर तोंड फुगवून बसले होते. कारण काय होतं ते आता आठवत नाही. फुगायचं असतं म्हणून फुगले असेन. हौसाबाई हात जोडत येतील, विनवण्या करतील, असं मला वाटत होतं. त्या आल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तोंड का सुकलंय? भूक लागली व्हय? ह्या घ्या भजी." आणि सगळ्या वऱ्हाडासमोर द्रोण माझ्या हातात ठेवला. मला इतका राग आला, इतका राग आला, की मी सगळी भजी खाल्ली.

तर मंदार आणि माझी सून सुरेखा आम्हा दोघी विहिणींना अंदमानला घेऊन गेले. एका दिवसाची होडी ठरवली होती: सकाळी निघायचं, तीन बेटं पाहायची, संध्याकाळी परत. मी आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता, पायात पांढरे बूट, डोळ्यांवर गॉगल. जेट्टीवरच्या आरशात पाहून मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. आता तो फोटो पाहते तेव्हा वाटतं, शाळेच्या गॅदरिंगला पोलिसाचं काम मिळालेलं दिसतंय. हौसाबाई हिरव्या नऊवारीत होत्या. खांद्याला गोणपाटाची शिवलेली पिशवी, तिच्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि काय काय.

त्यांनी वाकून समुद्रात बोटं बुडवली, डोळ्यांना लावली, मग एक बोट जिभेवर टेकवलं आणि तोंड वाकडं केलं. "अगं बाई, हिच्यात मीठ कुणी सांडलं?" मी आजूबाजूला पाहिलं. कोणी ऐकलं नव्हतं.

पहिल्या बेटावर काचेच्या तळाची होडी होती. खाली निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्याचे मासे. हौसाबाई काचेला नाक लावून ओरडल्या, "सुरेखे, बघ की! चिलाप्यांस्नी कुणी रंग दिला गं?" धरणातल्या चिलापी माशांशिवाय त्यांनी दुसरे मासे फारसे पाहिले नव्हते. सगळे पर्यटक हसले. मी गॉगल नीट केला आणि यांच्यासोबत आलेली नाही असा चेहरा केला.

दुसऱ्या बेटाकडे जाताना भर समुद्रात इंजिन फटफट करून बंद पडलं. नाववाला दोरी ओढून ओढून घामाघूम झाला. मी मनात सगळ्या देवांना नवस बोलून मोकळी झाले. हौसाबाईंनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "एअर धरलीया."

"क्या बोल रही हैं?" नाववाल्याने विचारलं.

"अरं दादा, तू आत्ता त्याल वतलंस न्हवं का? पाइपात हवा शिरली. हे नट ढिलं कर. ढिलं! हां. बुडबुडं जाऊ दे... जाऊ दे की... आता आवळ."

त्याला मराठी येत नव्हतं, पण त्यांचं बोट त्याला कळलं. डिझेलच्या पंपावर केळी जगवणाऱ्या बाईचं बोट ते. इंजिन सुरू झालं. तो मला सकाळपासून आंटी म्हणत होता. हौसाबाईंना उस्ताद म्हणू लागला. मला हे अजिबात आवडलं नाही.

आता माझी हुशारी. घर बंद ठेवून जायचं म्हणून सासूबाईंच्या पाटल्या मी सोबत आणल्या होत्या. तीस वर्षं जपल्या होत्या, सणालासुद्धा भीत भीत घालायचे. दुसऱ्या बेटावर पाण्यात उतरायचं होतं. पाटल्या ठेवायच्या कुठे? चोर आधी माझी पर्स बघणार. त्या गोणपाटाच्या पिशवीकडे कोण ढुंकून पाहतंय! हौसाबाई शिंपले पाहायला गेल्या तेव्हा मी गुपचूप त्यांच्या पिशवीत हात घातला. तळाशी एका नारळाशेजारी एक नवा हिरवा खण होता. त्याच्या घडीत पाटल्या सरकवल्या, वर सेफ्टी पिन लावली. त्यांना सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे विश्वास टाकायचा, आणि तेवढा मान मला त्यांना द्यायचा नव्हता. अंदमानला एखादी बाई कोरा खण आणि नारळ कशाला आणेल, हा साधा प्रश्न मला पडला नाही.

तिसऱ्या बेटाकडे निघालो आणि मला होडी लागली. गॉगल पाण्यात पडला, मी काठावर डोकं टेकून उलट्या करत होते. थोडं बरं वाटलं म्हणून मान वर केली, तर हौसाबाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या. ओंजळीत हिरवा खण, त्यावर तांदूळ, हळकुंड, नारळ. "घे बाई ओटी. लेकराबाळांस्नी सुखरूप ने," असं म्हणून त्यांनी ओंजळ समुद्रात सोडली.

हौसाबाई आनंदाने टाळी वाजवून म्हणाल्या, "बगा बगा! नारळ तरंगतोय, पर खण कसा चटशिरी घेतला! आमच्या धरणात खण लई येळ वर ऱ्हातो. हिला लई आवडला."

"पाटल्या!" मी किंचाळले. "त्या खणात माझ्या पाटल्या होत्या!"

नाववाल्याने होडी थांबवली, पाण्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. तिथे तळ दिसत नव्हता. मंदार म्हणाला, "आई, त्यांच्या खणात तुझ्या पाटल्या कशा?"

आणि मी, शाळेत शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेली बाई, फट्दिशी खोटं बोलले. "मी त्यांच्याकडे सांभाळायला दिल्या होत्या."

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग जावयाकडे वळून म्हणाल्या, "व्हय. दिल्या हुत्या. माज्याच ध्यानातनं गेलं."

सुरेखा रडायला लागली. स्वतःच्या आईवर ओरडली, "आई, तुला काही कळतं का गं? आता या घरात मी तोंड कसं दाखवू?" मंदारने सासूकडे पाठ फिरवली. हौसाबाई पिशवी मांडीवर घेऊन होडीच्या टोकाला बसल्या.

तिसरं बेट म्हणे सगळ्यात सुंदर होतं. मला पांढरी वाळू आठवते आणि तिच्यावर आमच्यापासून वीस पावलं लांब, उन्हात एकट्या बसलेल्या हौसाबाई. आम्ही तिघं एका झाडाच्या सावलीत. सुरेखाने माझ्या हातात भाकरी दिली. आईने पहाटे उठून बांधलेली भाकरी, आणि आईला विचारलंही नाही. माझ्या धाकाने विचारलं नाही. पाटल्या गेल्याचं दुःख होतंच, पण मी ती भाकरी खाली ठेवली ती त्यासाठी नाही. मला दिसलं, की मी आता गप्प बसले तर ही बाई माझ्या घरात यापुढे अशीच लांब बसणार, आणि तिची लेक तिला अशीच लांब बसवणार.

मी उठले. बुटांत वाळू भरली होती म्हणून बूट काढून फेकले. "मंदार, सुरेखा, ऐका. मी हौसाबाईंकडे काही दिलं नव्हतं. त्यांच्या पिशवीकडे चोरसुद्धा बघणार नाही, असं वाटलं म्हणून मी चोरासारखा हात घालून पाटल्या लपवल्या. त्यांना माहीतही नव्हतं. मी खोटं बोलले."

सुरेखा धावत आईकडे गेली, मागोमाग मी. हौसाबाईंच्या समोर वाळूत बसून मी विचारलं, "तुम्ही का हो म्हणालात मघाशी? माझं खोटं तिथल्या तिथे उघडं का नाही पाडलंत?"

त्यांनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "खरं बोलून म्या आज जितले असते की, विहीणबाई, पर माज्या लेकीला रोज तुमच्याच हातचा चहा प्यायचा हाय, त्यो कडू कशाला करू? आता तुमीच खरं बोलला, तर चला, मला बी त्या सावलीत बसू द्या. लई भाजतंय हितं."